सिग्नलवरची धूळ

पहाटेचे साडेपाच वाजले आहेत. मुंबईतल्या एका मोठ्या चौकात दुभाजकाच्या कडेने सफाई कामगार महिला खराटा मारत पुढे सरकत आहेत आणि त्यांच्यामागे दिव्यांच्या पिवळ्या उजेडात धुळीचा एक पट्टा बराच वेळ तरंगत राहतो. या धुळीला आपण माती समजतो. ती केवळ माती नाही.

तासाभरात याच चौकात गाड्यांची रांग लागेल. लाल दिवा लागताच शेकडो ब्रेक दाबले जातील आणि प्रत्येक वेळी ब्रेक पॅड डिस्कवर घासून त्यांचा अतिशय बारीक चुरा रस्त्यावर पडेल. त्या चुऱ्यात लोखंडाबरोबर तांबे, बेरियम आणि अँटिमनी हे धातू असतात. टायरच्या रबरात जस्ताचे ऑक्साइड मिसळलेले असते आणि टायर झिजतो तसे तेही खाली उतरते. म्हणूनच सिग्नल, उतार आणि गाड्या सतत थांबत-निघत असतात अशा जागांची धूळ अभ्यासकांना अधिक महत्त्वाची वाटते.

कागदात गुंडाळलेला लोहचुंबक या धुळीतून फिरवला की त्याला काळ्या कणांची दाढी फुटते. हे दृश्य धक्का देणारे असले, तरी एवढ्यावरून निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. त्या खडकातच मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते आणि तांबे, क्रोमियम, निकेल हे धातूही त्यात निसर्गतःच बऱ्यापैकी असतात. त्यामुळे धुळीत अमुक इतके तांबे सापडले एवढेच सांगून भागत नाही. रहदारीपासून दूरच्या, त्याच परिसरातल्या मातीशी तुलना करून खडकाचा वाटा किती आणि माणसाची भर किती, हे वेगळे काढावे लागते. शिसे आणि अँटिमनी मात्र बेसाल्टमध्ये अगदी नगण्य असतात. ते धुळीत ठळकपणे आढळले, तर त्यांचा माग आपल्यापर्यंतच येतो.

भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली, तर घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशावर २०१७ पासून दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा आहे. हे दोन्ही निर्णय मोलाचे होते. परंतु धातू कुजत नाही. जुन्या रंगांचे पोपडे आणि पूर्वी मातीत मुरलेले शिसे आजही धुळीत मिसळते.

रस्त्यावरची धूळ म्हटली की आपल्याला फुफ्फुसे आठवतात, आणि अडीच मायक्रोमीटरहून (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण तिथे खोलवर पोहोचतात हे खरेच आहे. तरीही धुळीतील बहुतेक जड धातूंच्या बाबतीत, विशेषतः लहान मुलांसाठी, पोटात जाणारी धूळ हाच अधिक मोठा मार्ग ठरतो. रांगणारे मूल जमिनीवर हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढा भाग मोठ्या माणसाच्या शरीरात शोषला जातो, त्याच्या चार ते पाच पट भाग लहान मुलाच्या शरीरात शोषला जाऊ शकतो. शरीर शिशाला कॅल्शियमसारखे वागवते, म्हणून ते हाडांत साठून वर्षानुवर्षे राहते आणि गरोदरपणात आईच्या हाडांतून कॅल्शियमबरोबर पुन्हा रक्तात उतरून गर्भापर्यंत पोहोचते. त्याचा सर्वांत मोठा घाव वाढत्या मेंदूवर होतो. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. कॅडमियम मूत्रपिंडांना इजा करते आणि षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचे अधिक विषारी रूप, श्वासावाटे गेल्यास फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवते.

२०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती प्रामुख्याने हवेतील कणांच्या वजनावरून मोजली गेली. आमच्या मते ही मोजणी अपुरी आहे, कारण खडकाची एक ग्रॅम भुकटी आणि ब्रेकचा एक ग्रॅम चुरा तराजूवर सारखेच भरतात. वाहनांसाठी २०२० पासून लागू झालेले भारत स्टेज सहाचे निकष प्रामुख्याने धुराड्यातून निघणाऱ्या प्रदूषणासाठी आहेत. ब्रेकच्या चुऱ्यावर मर्यादा घालणारा नियम युरोपीय संघाने २०२४ साली मंजूर केला. विजेवरची गाडी आली तरी टायर झिजायचा थांबणार नाही.

चौकात आता उजाडले आहे. कोरड्या रस्त्यावर खराटा मारला की जाड कचरा गोळा होतो आणि सर्वांत बारीक, म्हणजे सर्वांत घातक, धूळ हवेत उठते. आधी पाणी शिंपडले किंवा धूळ ओढून घेणारे यंत्र वापरले, तर ती बरीचशी खालीच राहते. कामाची पाळी संपवून या महिला हजेरीच्या चौकीत परततात. तिथे नळाला पाणी आणि कपडे बदलायला खोली असेल, तर अंगावरची धूळ तिथेच उतरते. नसेल, तर ती केसांतून आणि साडीच्या पदरातून घरी जाते, आणि उंबऱ्यातच लेकरू येऊन बिलगते.