यानाला पॉवर प्लांट केवढा हवा?

मित्रहो, 'एलिट डेंजरस' हा अंतराळयानांचा व्हिडिओ गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. तेव्हापासून यान सजवायला, म्हणजे त्यात मॉड्यूल्स (वेगवेगळे भाग) बसवायला बसलेला प्रत्येक नवा खेळाडू विचारतो, 'पॉवर प्लांट (वीज बनवणारं मॉड्यूल) कुठला घेऊ?' त्याला हमखास मिळणारं उत्तर म्हणजे 'बसेल तेवढा मोठा, आणि ए रेटिंगचा'. लढाऊ यानासाठी हे उत्तर ठीक आहे. पण हजारो प्रकाशवर्षं दूर जाणाऱ्या यानाला त्याचा तोटा होतो, आणि नवा खेळाडू सगळ्यात आधी असंच यान बांधायला घेतो.

या खेळात प्लांटची शिल्लक वीज कुठेही साठत नाही. यानाला लागतात १० मेगावॉट आणि प्लांट देतो २०, तर उरलेल्या १० मेगावॉटचा उपयोग शून्य. यान वेगाने पळत नाही, शील्ड लवकर भरत नाही, शस्त्रांचा मारा वाढत नाही. 'मोठा प्लांट टाकला, तरी लेझर तसाच मध्येच बंद पडतो' ही तक्रार नेहमी ऐकू येते, आणि तिथे गल्लत पॉवर डिस्ट्रिब्यूटरशी झालेली असते. शस्त्रं, इंजिनं आणि शील्ड यांचे कपॅसिटर (ऊर्जेचे साठे) किती मोठे आणि किती लवकर भरतात, हे डिस्ट्रिब्यूटर ठरवतो. प्लांटचा प्रश्न एवढाच: सगळी मॉड्यूल्स एका वेळी चालू राहतात की नाही? मागणीही ठरलेली असते; शस्त्रं उघडणं-मिटणं किंवा मॉड्यूल चालू-बंद करणं सोडलं तर ती वरखाली होत नाही. म्हणून ९९ टक्के भाराला घाबरायचं कारण नाही.

प्लांटचा आकडा म्हणजे क्लास, २ ते ८. अक्षर म्हणजे रेटिंग, ए ते ई. ई सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जड. एकाच क्लासमध्ये डी सगळ्यात हलका. बी वजनदार, पण मार सोसणारा. ए सर्वाधिक वीज देतो आणि सर्वात थंड चालतो. 'डी हलका' हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं की लोक एक क्लास खाली बघायचंच विसरतात. ४-डी देतो ११.७ मेगावॉट, वजन ४ टन. ३-ए देतो १२ मेगावॉट, वजन अडीच टन. ५-डी देतो १५.३ मेगावॉट आणि भरतो ८ टन. ४-ए देतो १५.६ आणि भरतो ५ टन. म्हणजे एक पायरी खालचा ए हा वरच्या डीपेक्षा हलकाही आहे आणि वीजही जास्त देतो. पैसे जास्त पडतात आणि मार थोडा कमी सोसतो, हे खरं. पण प्रवासी यानाने गोळ्या खायच्याच नसतात.

आता उष्णता. मोठा प्लांट जास्त तापतो हा समज चुकीचा आहे. तापमान ठरतं ते यान खरोखर किती वीज ओढतं आणि प्लांटचा उष्णतेचा गुणक किती आहे यावर. गुणक असे: ए ०.४०, बी ०.४५, सी ०.५०, डी ०.७५, ई १.००. सी आणि डी यांच्यातली उडी नीट बघा. ११.२ मेगावॉट ओढणाऱ्या यानात ई प्लांट ११.२ एकक उष्णता करतो, डी ८.४, आणि ए फक्त ४.४८. ताऱ्याला खेटून इंधन भरताना आणि त्याच वेळी पुढच्या उडीसाठी फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह (ताऱ्यांमध्ये उडी मारणारं इंजिन) चार्ज करताना हाच फरक जाणवतो. उष्णता १०० टक्क्यांपलीकडे गेली की मॉड्यूल्स झिजायला लागतात. म्हणून प्रवासी यानात ए सोडून दुसरं रेटिंग घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उदाहरणाला ॲस्प एक्सप्लोरर हे प्रवासी यान घेऊ. त्यात क्लास ५ पर्यंतचा प्लांट बसतो; मूळचा ५-ई १३.६ मेगावॉट देतो आणि २० टन भरतो. बाकीची सगळी मॉड्यूल्स आधी बसवा, प्लांट शेवटी निवडा. समजा त्यांच्या विजेची बेरीज आली ११.२ मेगावॉट. लगेच ३-ए चालतो आणि साडेसतरा टन वाचतात. उडीचा पल्ला यानाच्या एकूण वजनावर ठरतो, त्यामुळे एवढी बचत नकाशावर सरळ दिसते.

२-ए पर्यंत उतरता येईल का? तो देतो ९.६ मेगावॉट, वजन १.३ टन. कार्गो हॅच ०.६ मेगावॉट खातो. माल नसेल तर तो बंद ठेवा. उरले १०.६. थ्रस्टर (यान पुढे ढकलणारी इंजिनं) ५-डी ऐवजी ४-डी घेतले तर ४.५९ च्या जागी ३.६९ लागतात. उरले ९.७. एक दशांश मेगावॉटने अडलं! इथे लोक भराभर काहीतरी काढून टाकतात. त्यापेक्षा दुरुस्तीचं मॉड्यूल बंद ठेवून लागेल तेव्हाच चालू करावं, उतरल्यावर किंवा यान शांत उभं असताना. पण हिशेब पुन्हा बघा: ३-ए वरून २-ए वर येऊन वाचले १.२ टन, तर थ्रस्टर बदलून वाचले ४ टन. खरी कमाई थ्रस्टरची आहे. मात्र लहान थ्रस्टरची वजनाची कमाल मर्यादा इंधनाने भरलेल्या यानाला पुरते ना, हे आउटफिटिंगमध्ये (मॉड्यूल्स बसवण्याच्या पडद्यावर) आधी तपासा.

लढाऊ यानाचं गणित उलटं. फेर-डी-लान्स या लढाऊ यानात ६-ए बसतो, २५.२ मेगावॉट, आणि शील्ड बूस्टर (शील्ड मजबूत करणारी मॉड्यूल्स) व मोठी शस्त्रं घातली की तोही कमी पडतो. आउटफिटिंगच्या पडद्यावर दोन बेरजा दिसतात: शस्त्रं मिटलेली आणि शस्त्रं उघडलेली. निर्णय दुसऱ्या बेरजेवर करा. शस्त्रं उघडल्यावरच वीज ओढतात. शील्ड बूस्टर कायम ओढतात.

२०१६ मध्ये खेळात मॉड्यूल्स सुधारून देणारे इंजिनिअर्स आल्यापासून प्लांटची वीज वाढवणारा ओव्हरचार्ज्ड हा मार्ग खुला झाला. पाचव्या, म्हणजे सर्वात वरच्या ग्रेडला वीज ४० टक्के वाढते, म्हणजे २५.२ चे ३५.२८ होतात. त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते: उष्णतेचा गुणक ०.४० वरून ०.५० वर जातो आणि प्लांटची टिकण्याची ताकद २५ टक्क्यांनी घटते. शत्रू प्लांटवरच नेम धरतो, त्यामुळे गरज दोन-तीन मेगावॉटचीच असेल तर खालच्या ग्रेडवर थांबा. तेवढ्यासाठी पाचवा ग्रेड घेणं म्हणजे प्लांट विनाकारण नाजूक करणं.

मग प्राधान्यक्रम. उजव्या पॅनेलमध्ये प्रत्येक मॉड्यूलला १ ते ५ असा गट देता येतो. वीज कमी पडली की पाचवा गट आधी बंद होतो, तोही अख्खा. सगळं पहिल्या गटात ठेवलं असेल तर प्राधान्यक्रमाला अर्थच उरत नाही. मार खाऊन प्लांटची ताकद शून्य टक्क्यांवर आली की पुरवठा ४० टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकतो. साध्या ६-ए साठी हे होतात १०.०८ मेगावॉट. ५-ए थ्रस्टरच ६.१२ घेतात, उरतात ३.९६. त्यात फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह, लाइफ सपोर्ट आणि डिस्ट्रिब्यूटर बसले पाहिजेत, म्हणजे पळता येईल. शील्ड दुसऱ्या गटात, शस्त्रं तिसऱ्यात, इंटरडिक्टर (दुसऱ्या यानाला प्रवासात अडवणारं मॉड्यूल) आणि कार्गो हॅच पाचव्यात.

शस्त्रं उघडल्यावर वीज वाचावी म्हणून काही जण ड्राइव्हलाच पाचव्या गटात टाकतात. शस्त्रं मिटल्यावर तो पुन्हा सुरू व्हायला सुमारे दहा सेकंद घेतो, आणि चार्जिंग त्यानंतर सुरू होतं. शत्रू पाठीवर असताना यान संपवायला त्याला ते दहा सेकंद पुरेसे असतात. त्याऐवजी एक बूस्टर कमी करा.