पक्षी हवेत? मग कुंपणावरची कात्री आधी खाली ठेवा

नमस्कार मंडळी! नर्सरीत जाऊन नुसतं म्हणून बघा, "काका, पक्षी येतील असं काहीतरी द्या." दहातले नऊ जण हातात हमेलिया ठेवतील. आणि त्यात काही चूक नाही बरं का.

(कॅमेरा हमेलियावर)

ही बघा, शेंदरी-लाल, नळीसारखी फुलं. झुडूप मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं, तिथे यातला मध हमिंगबर्ड पितात. आपल्याकडे हमिंगबर्ड नाहीत, पण शिंजीर आहेत, म्हणजेच सूर्यपक्षी. त्यांची बाकदार चोच या नळीत बरोबर जाते. फुलं गळाली की फळं धरतात. आधी हिरवी, मग लाल, मग काळी. ती बुलबुल खातात.

मग सोसायटीच्या गेटवर रांगेनं लावलेल्या हमेलियावर पक्षी का नसतात? कारण तिथे माळी दर महिन्याला येऊन त्याची चौकोनी भिंत करून जातो. हमेलियाला फुलं येतात फांदीच्या टोकाला. टोकच उडवलं, तर फूल कुठून येणार आणि फळ कुठून धरणार? सोनेरी पानांच्या डुरांटाचं तेच, कुंतीचंही तेच. दिसायला हिरवंगार, पक्ष्याच्या दृष्टीनं रिकामं ताट! कोणतं झाड लावायचं यावर आपण तासभर बोलतो, पण ते कसं कापायचं यावर कुणी बोलत नाही.

त्यामुळे माझं सांगणं सरळ आहे. रस्त्याच्या बाजूचं कुंपण हवं तर नीटनेटकं ठेवा, पण परसदारी दोन-तीन झुडपं मोकळी वाढू द्या. छाटायचीच असतील तर फुलं-फळं संपल्यावर, आणि एका वेळी एकच झुडूप. त्याआधी आत वाकून घरटं नाही ना, एवढं बघा. लालबुड्या बुलबुलाचं घरटं अगदी कमरेच्या उंचीवरही असतं.

कुंतीचं नाव आलंच आहे, तर तिला मोकळी सोडून बघा. पांढऱ्या सुवासिक फुलांनंतर लालचुटुक फळं येतात आणि बुलबुल ती शिल्लक ठेवत नाहीत. तिचाच जवळचा भाऊबंद कढीपत्ता. आपण पानं ओरबाडत राहतो म्हणून त्याला फळं येतात हेच अनेकांना माहीत नसतं! एखादी फांदी फोडणीपासून वाचवा. काळी फळं पिकली की कोकिळसुद्धा येतात.

आता माझं सगळ्यात आवडतं झुडूप: धायटी. सह्याद्रीत हिंडणाऱ्यांनी ही उन्हाळ्याच्या तोंडावर उतारावर पाहिली असेल, फांदीभर लाल नळ्या. आसवं-अरिष्टं आंबवायला आयुर्वेदात जी धायटीची फुलं घालतात, तीच ही. मध भरपूर, त्यामुळे शिंजिरांची नुसती झुंबड असते. इतकी देखणी, आपल्या मातीतली, आणि साध्या नर्सरीत मागितली तर समोरचा आपल्याकडेच बघत राहतो. देशी झाडांची रोपवाटिका शोधावी लागते. जागा मात्र भरपूर उन्हाची द्या, पाणी साचू देऊ नका आणि रोप रुजल्यावर लाड करू नका. खडकाळ उतारावर वाढणारं झाड आहे ते.

जास्वंद लावणार असाल तर साधी, पाच पाकळ्यांची. डबल जास्वंदीत पाकळ्यांचाच गोंधळ फार. शिंजीर अनेकदा फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध चोरतो. परागीभवन वगैरे काही नाही, सरळ चोरी. पण फुलाची शोभा त्यानं बिघडत नाही, तेव्हा पिऊ द्या.

जास्वंद म्हटली की पिठ्या ढेकूण आलाच. लगेच फवारणीचा पंप काढू नका. पाण्याचा जोरदार फवारा मारा, फारच झालं तर तेवढी फांदी कापून टाका. आंतरप्रवाही कीटकनाशक झाडात भिनतं आणि फुलातल्या मधातही उतरतं. शिवाय शिंजीर मध पीत असले तरी पिल्लांना भरवतात किडे आणि कोळी. शिंपी पक्षी तर जवळजवळ किड्यांवरच जगतो, आणि रुंद पानं टाचून घरटंही याच झुडपांत करतो. पानं थोडी कुरतडलेली दिसली तर दिसू देत की!

एक झुडूप मात्र लावू नका: घाणेरी. पक्षी येतात का? येतात. बुलबुल तिची फळं आवडीनं खातात आणि बिया डोंगरभर टाकून येतात, तोच तर घोळ आहे. बागेच्या शोभेसाठी परदेशातून आणलेली ही घाणेरी आज आपल्या जंगलांत माजली आहे. आणि घरात लहान मुलं असतील तर डुरांटाही नको. त्याची पिवळी-केशरी फळं विषारी असतात आणि नेमकी गोळ्यांसारखी दिसतात.

लावायची वेळ म्हणाल तर पाऊस चांगला सुरू झाल्यावर, म्हणजे रोप रुजेपर्यंत पाण्याची कटकट नाही. झाडांजवळ उथळ मातीचं भांडं ठेवा, दोन बोटं पाणी पुरे. रोज ओतून, घासून पुन्हा भरा, नाहीतर डासांची सोय होईल. आणि भांडं झुडपाला चिकटून नको, चार-पाच फूट लांब असू दे. तुमच्या गल्लीत मांजरं असतील, तर दबा धरायला त्यांनाही हीच झुडपं आवडतात.