सड्यावरून मायरा

देवगड तालुक्यातला हा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार. पावसात हिरवा असतो, दिवाळीनंतर उरतो तो काळा कातळ आणि खारा वारा. झाडं नाहीत, वाडी दूर, त्यामुळे क्षितिजापर्यंत आभाळ मोकळं. ताऱ्यांच्या वेधासाठी, म्हणजे निरीक्षणासाठी, याहून चांगली जागा कुठली?

गडग्यावर, म्हणजे दगडी बांधावर, पसरलेला हा नकाशा तिमिंगल तारकासमूहाचा. मधलं वर्तुळ म्हणजे मायरा, एक तांबडा राक्षसी तारा, ज्याचं तेज ठरावीक चक्राने वाढतं आणि घटतं. शेजारच्या ताऱ्यांजवळ आकडे आहेत: २५, ३५, ४१. वाचायचं २.५, ३.५, ४.१ प्रत. प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी. दशांशचिन्ह मुद्दाम गाळतात, नाहीतर ते टिंबच तारा समजलं जाईल.

आता या मुलीकडे बघा. बॅटरीला लाल जिलेटिन गुंडाळलंय, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. ती मायराकडे पाहते आणि लगेच नजर काढते. लाल ताऱ्याकडे टक लावली की तो आहे त्याहून तेजस्वी वाटू लागतो. म्हणून ओझरतं पाहायचं: एकदा ३५कडे, एकदा मायराकडे, एकदा ४१कडे. पुन्हा तेच.

"सर, आज वाढलो हा."

मायराचं तेज त्या दोन ताऱ्यांच्या बरोबर मधे. वहीत तारीख, वेळ, ३.८, आणि तुलनेचे दोन तारे. दुसरा मुलगा स्वतंत्रपणे पाहतो. त्याचा आकडा वेगळा आला तरी खोडायचा नाही, ही सरांची सक्त ताकीद.

१५९६च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड फाब्रिसियस या जर्मन धर्मोपदेशकाला हा तारा दिसला आणि काही आठवड्यांत दिसेनासा झाला. १६३८ मध्ये डच खगोलशास्त्रज्ञ होल्वार्डाने त्याचं चक्र अकरा महिन्यांचं असल्याचं ओळखलं. आज आपण ते सुमारे ३३२ दिवस धरतो. आपल्याकडेही ही परंपरा जुनी आहे: मद्रास वेधशाळेतल्या चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये याच जातीचा आर रेटिक्युली हा तारा शोधला. शाळेच्या पुस्तकात हे नाव असायला हवं.

मायरा सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वीची कक्षा त्याच्या पोटात जाईल. हा प्रचंड गोळा फुगतो आणि आक्रसतो. थंड झाला की त्याच्या वातावरणात टायटॅनियम ऑक्साइडचे रेणू तयार होतात आणि दृश्य प्रकाश अडवतात. म्हणून तेज शेकडो पटींनी घटतं, आणि साध्या डोळ्यांना तो दिसतच नाही. पाचेक अब्ज वर्षांनी आपला सूर्यही याच वाटेने जाणार आहे.

मुलांच्या नोंदी एएव्हीएसओ या तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकी संस्थेकडे जातात. १९११ पासून ही संस्था जगभरच्या हौशी निरीक्षकांचे वेध जमवते आहे. एवढ्या संथ ताऱ्याचा आलेख अशा चिकाटीच्या माणसांमुळेच अखंड राहतो.

खाडीच्या बाजूला हायमास्ट दिवे लागले, त्या दिशेचे मंद तारे गेले.

मायराच्या तेजाचा उच्चांक दरवर्षी महिनाभर अलीकडे सरकतो. सरकत सरकत तो कधी सूर्याच्या झगमगाटात सापडतो, तर कधी ऐन पावसाळ्यात. तेव्हा सड्यावरून काहीच हाती लागत नाही. पण फाल्गुनात मघाच्या जरा पश्चिमेला आर लिओनिस हा असाच तारा असतो, ३१० दिवसांच्या चक्राचा. त्याचा नकाशा सरांनी छापून ठेवलाय.