कम्प्रेसर: व्हॉल्यूमवर बसलेला हात

(पडदा काळा. क्लीन इलेक्ट्रिक गिटारवर एकच सूर. तो पूर्ण विरेपर्यंत निवेदन नाही.)

आधी पिकचा खणखणीत फटका, त्याच्या पाठोपाठ भरीव सूर, आणि मग नुसती उतरण. गिटारचा प्रत्येक सूर असाच जातो. जन्मतो तेव्हा सगळ्यात मोठा, नंतर ओसरतच राहणारा. व्हायोलिन वाजवणारा गज चालता ठेवतो, बासरीवाला फुंकर धरून ठेवतो. गिटारवादकाला ती सोय नाही. तार छेडताना जेवढा जोर दिला, तेवढ्यावरच तिला भागवावं लागतं.

(तोच सूर पुन्हा. या वेळी कम्प्रेसर पेडल चालू.)

आता हा ऐका. फटका थोडा मऊ झाला आणि सूर मात्र कितीतरी वेळ एका पातळीवर टिकला. पण तारेकडे नीट बघा. ती काही जास्त वेळ हललेली नाही. फरक पडला तो तिच्या पुढे. कम्प्रेसरच्या पेडलने, म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये जोडलेल्या, पायाने चालू-बंद करायच्या डबीने, सुरुवातीचा जोर दाबला, आणि तार जसजशी मंदावली तसतसा तो दाब सोडून दिला. कुणीतरी व्हॉल्यूमच्या नॉबवर हात ठेवून बसावं, तुम्ही जोरात वाजवलंत की नॉब मागे घ्यावा, हळू झालात की पुढे सरकवावा, तसं हे काम आहे. फक्त हा हात सेकंदाच्या हजाराव्या भागात हलू शकतो.

(पडद्यावर आवाजाच्या पातळीचा आलेख.)

थोडं गणित. समजा थ्रेशोल्ड, म्हणजे जिच्या वर गेलं की दाबणं सुरू होतं ती रेषा, उणे २० डेसिबलवर आहे. आणि रेशो, म्हणजे किती दाबायचं ते प्रमाण, ४:१: रेषेच्या वरच्या दर ४ डेसिबलमागे १ च पुढे. तुम्ही जोरात वाजवलंत, सिग्नल उणे १२ पर्यंत गेला. म्हणजे रेषेच्या वर ८ डेसिबल. त्यातले २ च पुढे जातात आणि बाहेर येतो उणे १८. मधले ६ डेसिबल कापले गेले. मग मेकअप गेन, म्हणजे ही घट भरून काढणारी वाढ, सगळाच सिग्नल तेवढ्याने वर उचलतो. जोरदार सूर आपल्या जागी परत येतो, आणि रेषेच्या खाली असलेले हळू सूर ६ डेसिबलने मोठे होतात. खरी कमाई या हळू सुरांची आहे. कॉर्डमधली दबून राहणारी मधली तार, करंगळीने कशीबशी लावलेली नोट, सगळं ऐकू यायला लागतं. रेशो १० च्या पलीकडे गेला की त्याच यंत्राला लिमिटर म्हणतात.

गंमत अशी की पायाखालच्या बऱ्याच पेडलांवर यातला एकही शब्द लिहिलेला नसतो. १९७० च्या दशकात आलेलं एमएक्सआरचं लाल डायना कॉम्प घ्या: नॉब दोनच, आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी. त्याच दशकातला डॅन आर्मस्ट्राँगचा ऑरेंज स्क्वीझर तर थेट गिटारच्या जॅकमध्ये खोचायची एक डबी होती, आणि बाहेरून फिरवायला नॉबच नव्हता. १९८६ मध्ये आलेल्या बॉसच्या सीएस-३ वर चार नॉब आहेत: लेव्हल, टोन, अटॅक, सस्टेन.

(पिक आणि तार, अगदी जवळून.)

यात सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा नॉब म्हणजे अटॅक. आवाज मोठा झाल्यावर पेडलने किती लवकर दाबायचं, ते हा ठरवतो. एक-दोन मिलिसेकंदांत दाबलं तर पिकचा ‘टक्’ जवळजवळ नाहीसा होतो. सूर गुळगुळीत, स्लाइड वाजवायला छान. वीस-तीस मिलिसेकंदांनी दाबलं तर ‘टक्’ निसटून पुढे जातो आणि मागचा सूर तेवढा आवरला जातो. कंट्रीमधल्या तुटक, उडत्या फ्रेजना किंवा फंकच्या झटपट स्ट्रमिंगला हा ‘टक्’ हवाच असतो. तो गेला की वादन सफाईदार वाटतं, पण जीव नसलेलं.

रिलीज म्हणजे दाब सोडण्याचा वेग. फार सावकाश ठेवला तर जोरदार कॉर्डनंतर आलेली हळू नोट त्याच दाबाखाली गुदमरते. फार जलद ठेवला तर आवाज वरखाली हेलकावताना कानाला कळतो.

(वादकाचे हात थांबतात. अँपमधून गुणगुण वाढत जाते.)

आणि ही त्याची किंमत. वाजवणं थांबलं की दाबायला काही उरत नाही. पेडल दाब पूर्ण सोडून देतं, मेकअप गेन मात्र तसाच चालू राहतो. मग सिंगल-कॉइल पिकअपची, म्हणजे तारेची हालचाल टिपणाऱ्या एकेरी वेटोळ्याची, गुणगुण वर येते. सस्टेन, म्हणजे दाब वाढवून सूर लांबवणारा नॉब, शेवटपर्यंत फिरवून ठेवणाऱ्यांना ही गुणगुण प्रत्येक विरामात सोबत करते. आमचं स्पष्ट मत, तो नॉब अर्ध्याच्या पुढे न्यायची गरज क्वचितच पडते.

ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणारे इफेक्ट, वापरणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं: तिथे सिग्नलची टोकं आधीच छाटली जातात, म्हणजे कम्प्रेशन आपोआप होतंच. म्हणून कम्प्रेसर खुलतो तो क्लीन, म्हणजे न फाटलेल्या, आवाजात. ड्राइव्हच्या आधी लावलं तर ड्राइव्हला एकसारखा सिग्नल मिळतो आणि सोलोचे सूर लांबतात. नंतर लावलं तर बहुतेकदा गोंगाटच मोठा होतो. आधी लावण्यातही एक गोष्ट हातची जाते. हलकं वाजवून किंवा गिटारवरचा व्हॉल्यूम कमी करून ड्राइव्हची खरखर कमी करायची सवय असेल, तर कम्प्रेसर तो उतार भरून काढतो आणि खरखर तशीच राहते.

(पेडल चालू-बंद, चालू-बंद.)

पेडल आवडलं की नाही हे ठरवण्याआधी चालू आणि बंद, दोन्हींचा आवाज लेव्हलच्या नॉबने सारखा करून घ्या. जे मोठं ऐकू येतं तेच कानाला चांगलं वाटतं, आणि दुकानात निम्म्या पसंती अशाच होतात. ब्लेंडचा नॉब असेल तर मूळ सिग्नल आणि दाबलेला सिग्नल निम्मे-निम्मे ठेवून सुरुवात करा. मग पिकचा ‘टक्’ परत येईपर्यंत नॉब हळूहळू मूळ सिग्नलकडे नेत जा.