काकांची हेलिऑस

(दृश्य: रत्नागिरीतलं घर. पागोळ्या गळताहेत. टेबलावर चामड्याची जुनी केस.)

ही केस बारा वर्षं कपाटात होती. लग्नांचे फोटो काढणं थांबवलं तेव्हा काकांनी कॅमेरा पुसला, लेन्सला टोपण लावलं आणि केसचं बटण बंद केलं. त्यांनी काळजीच घेतली होती. पण कोकणातल्या पावसाळ्यात चामडं ओल धरून ठेवतं. ओल, अंधार आणि कोंडलेली हवा एकत्र आली की बुरशीला आणखी काही लागत नाही.

लेन्स खिडकीसमोर धरली की लगेच दिसतं. काचेवर पांढरे बारीक धागे, एका बिंदूतून फुटून कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेले. फोकसची कडी जागची हलत नाही. एका दुकानात दाखवली तर उत्तर मिळालं, "यात काही राम नाही, टाकून द्या."

मला ते पटलं नाही.

(दृश्य: लेन्सच्या पुढच्या कडीवरची अक्षरं, अगदी जवळून.)

हेलिऑस ४४-२, हे लेन्सचं नाव. नाभीय अंतर ५८ मिलिमीटर; छिद्र पूर्ण उघडलं की एफ २. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यानं ती घडवली, आणि झेनिट कॅमेऱ्यांबरोबर ती जगभर गेली. तिचा आराखडा मूळचा जर्मन. येना शहरातल्या झाईस कंपनीची बायोटार ही तिची पूर्वज; दुसऱ्या महायुद्धानंतर तोच आराखडा सोव्हिएत कारखान्यांनी पुढे चालवला. सहा काचा, चार गटांत. कॅमेऱ्याशी बोलणारी पिन नाही, वायर नाही, मोटर नाही. उजेड आत सोडणारं छिद्र लहान-मोठं करायचं ते हातानं, कडी फिरवून. नवशिक्यानं उघडावी अशी लेन्स कोणती, असं मला विचाराल तर मी हिचंच नाव घेईन.

लेन्स उघडायची खास हत्यारं महाग असतात. माझ्याकडे होतं शाळेच्या कंपासपेटीतलं कर्कटक. त्याची दोन्ही टोकं कानशीनं घासून चपटी केली, की ती मागच्या कडीच्या दोन खाचांत बरोबर बसतात. पुढच्या, नाव लिहिलेल्या कडीला पकडायला काही नसतं. तिथे बेसिनचं रबरी बूच कामी आलं. बूच कडीवर दाबायचं आणि सावकाश डावीकडे फिरवायचं. घड्याळजी वापरतात तसे बारीक स्क्रू-ड्रायव्हर, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड, कापूस आणि चष्मा पुसायचं मऊ कापड. सगळा खर्च साडेचारशे रुपयांच्या आत.

आणि इडलीपात्राची एक ताटली. पहिला स्क्रू पहिल्या वाटीत, दुसरा दुसऱ्या वाटीत. प्रत्येक सुटा भाग काढण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो. स्क्रू एकसारखे दिसतात; पण एखादा केसभर लांब असतो, आणि तो चुकीच्या जागी गेला की आतला भाग अडकवतो.

(दृश्य: काचेचा गट हातात. कापसाचा बोळा.)

आता बुरशी. बुरशी काचेवर नुसती बसत नाही. तिच्यातून आम्ल झरतं आणि ते आधी काचेवरचा पातळ थर, म्हणजे कोटिंग खातं, मग काच. म्हणून घाई करायची ती साफ करायला घेण्यात. पुसताना मात्र नाही. पेरॉक्साइडमध्ये भिजवलेला कापूस काचेवर काही मिनिटं ठेवायचा. मग नवा कापूस, थोडं अल्कोहोल, आणि मध्यापासून कडेकडे हलक्या हातानं गोल फिरवत जायचं. वापरलेला कापूस पुन्हा काचेला लावायचा नाही. त्यात अडकलेला एक कण ओरखडा पाडायला पुरतो.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. या सहांपैकी चार काचा दोन-दोनच्या जोडीनं एकमेकींना चिकटवलेल्या असतात. अल्कोहोलमध्ये त्या जोड्या बुडवून ठेवू नका. मधला गोंद सुटला तर घरी तो दुरुस्त होत नाही, आणि बरी होऊ शकणारी लेन्स कायमची जाते.

छिद्राच्या आठ पात्यांवर तेल उतरलं होतं. पाती सुटी केली नाहीत. लायटरच्या पेट्रोलमध्ये ओलावलेली काडी फिरवली, कडी उघड-बंद केली, पुसलं. असं पाच-सहा वेळा. हे काम खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब. शेवटी पाती कोरडी, काळी, मॅट दिसू लागली.

(दृश्य: फोकसचे आटे. मेणासारखं घट्ट झालेलं जुनं ग्रीस.)

खरी परीक्षा इथे होती. फोकसच्या कडीत एक आटा नसतो. कितीतरी आटे शेजारी शेजारी सुरू होतात. दोन भाग ज्या ठिकाणी सुटले, परत बसवताना नेमके तिथूनच धरावे लागतात. मी ती जागा सुईनं खूण करून ठेवली नव्हती. ग्रीस काढलं, आटे चकचकीत झाले, कणभर नवं ग्रीस लावलं आणि भाग जोडले. कडी लोण्यासारखी फिरली. पण समोरच्या डोंगरावरचं झाड काही केल्या स्पष्ट येईना; फोकस अनंतापर्यंत पोचतच नव्हता. पुन्हा सोडवा, पुढचा आटा धरा, पुन्हा झाड बघा. त्यात अख्खी संध्याकाळ गेली. दिवेलागणीला झाडाची फांदी न् फांदी दिसली.

सगळे डाग गेले नाहीत. पुढच्या काचेवर बुरशीनं कोटिंग खाल्लंय, तिथे नखाएवढी नक्षी उरलीये. ती घासून काढायचा मोह मी आवरला. उजेड पाठीशी असेल तर फोटोत ती दिसतही नाही. समोरून ऊन आलं की चित्र थोडं धुरकट होतं, तेव्हा लेन्सवर हाताची सावली धरायची.

आता ती चामड्याच्या केसमध्ये जात नाही. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा एक डबा काकूनं दिला. त्यात सिलिका जेलची निळी पुडी असते; दाणे गुलाबी झाले की बदलायची.

(दृश्य: अंगण. पाऊस थांबलाय. जास्वंदीपुढे काकू.)

कमी किमतीची एक साधी धातूची कडी मध्ये लावून ही लेन्स माझ्या आजच्या कॅमेऱ्यावर बसते. कॅमेरा काकांच्या हातात दिला. त्यांनी बोटं कडीवर ठेवली, न बघता, सवयीनं, आणि अर्धा फेरा फिरवला.

"अरे, फिरतेय की ही!"

"काका, आधी फोटो काढा, ऊन जाईल."

छिद्र पूर्ण उघडं, एफ २. काकूचा चेहरा स्पष्ट, आणि तिच्यामागे जास्वंदीची पानं गोल भोवऱ्यासारखी फिरलेली. काका बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पदर नीट कर गं. अजून एक काढतो."