भाकरी धरली, तरी कर्बोदकं कमी झाली का?

श्रोतेहो, नमस्कार. कमी कर्बोदकांचा आहार कसा करायचा आणि त्यात येणारी तलफ कशी आवरायची, ते आज पाहू.

लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचा आहार सुरू करायचा ठरला की बहुतेक घरांत पहिला बदल एकच होतो: गव्हाची पोळी बंद आणि ज्वारीची भाकरी सुरू. भाकरी पचायला चांगली, पोट भरणारी, तिच्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण आकडे बघा. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं असतात आणि गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढीच. आता घडीच्या पोळीला ३० ग्रॅम पीठ लागतं आणि भाकरीला ६० ते ६५ ग्रॅम. म्हणजे एका पोळीतून २० ग्रॅम कर्बोदकं, तर एका भाकरीतून ४५. दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या आल्या, तर कर्बोदकं दुपटीच्या वर गेली. मग महिनाभरानं वजनकाटा हलत नाही आणि माणूस हिरमुसतो.

म्हणून सुरुवात मोजण्यापासून करा. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या आणि निदान आठवडाभर पीठ, तांदूळ, डाळ कोरडी असतानाच तोला. शिजलेल्या अन्नात पाणी किती शिरलंय ते कळत नाही, कोरडं वजन मात्र फसवत नाही. एक मोठी वाटी शिजलेला भात, साधारण १५० ग्रॅम, म्हणजे ४० ग्रॅम कर्बोदकं. बशीभर पोह्यांना ६० ग्रॅम कोरडे पोहे लागतात, त्यातून ४५ ग्रॅम. चहात प्रत्येक कपाला दोन चमचे साखर आणि दिवसात चार कप, तर साखरच ४० ग्रॅम झाली. गूळ घातला म्हणून हिशेब फारसा बदलत नाही.

दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली कर्बोदकं असली की त्या आहाराला सर्वसाधारणपणे लो-कार्ब म्हणतात. ५० ग्रॅमच्या खाली गेलं की तो केटोच्या, म्हणजे शरीराला मुख्यतः चरबीवर चालवणाऱ्या आहाराच्या वाटेवरचा कडक आहार झाला, आणि तो स्वतःच्या मनानं कुणीही करू नये. सुरुवातीला १०० ते १३० ग्रॅम पुष्कळ झालं. आपल्या नेहमीच्या जेवणात साठ टक्क्यांहून जास्त ऊर्जा कर्बोदकांतूनच येते, तेव्हा एवढी कपातही शरीराला चांगलीच जाणवते.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या चालू असतील, तर औषध तेवढंच ठेवून भात-पोळी कमी केल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांबरोबर कर्बोदकं फार कमी केली तर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो, आणि त्या वेळी साखर फारशी वाढलेली नसली तरी असं होऊ शकतं. रक्तदाबाच्या गोळ्यांचाही डोस बदलावा लागू शकतो. म्हणून आधी डॉक्टरांना भेटा, मग ताट बदला. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, टाइप वन मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण, यांनी ऐकीव माहितीवर हा आहार अजिबात सुरू करू नये.

आता मूळ मुद्दा. तलफ येते, खा-खा होते, याचं खापर आपण मनाच्या कमकुवतपणावर फोडतो. बहुतेक वेळा कारण ताटात असतं. भात काढला, पोळ्या कमी केल्या, पण त्या जागी काहीच ठेवलं नाही. दुपारी एक पोळी, थोडी भाजी आणि काकडीच्या चार चकत्या एवढ्यावर उठलेल्या माणसाला पाच वाजता फरसाणाचा डबा दिसणारच. काढलेल्या पिठाच्या जागी प्रथिनं यायला हवीत, भाजी दुप्पट व्हायला हवी आणि थोडं तेल-तूपही हवं. तेलालाही घाबरायचं आणि भातालाही, असं दोन्ही एकदम केलं की उपासमार होते.

साठ किलो वजनाच्या निरोगी माणसानं दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनांचं लक्ष्य ठेवावं. अंडी, मासे, चिकन खाणाऱ्यांना हे सोपं आहे, एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं असतात आणि कर्बोदकं जवळजवळ नाहीतच. शाकाहारी घरात जुळवाजुळव करावी लागते. १०० ग्रॅम पनीरमधून सुमारे १८ ग्रॅम, ३० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांमधून १५, वाटीभर दह्यातून ६-७, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७, आणि ३० ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीतून ७. बेरीज ५० च्या पुढे जाते, उरलेलं भाज्या आणि एका भाकरीतून येतं. वरणाबद्दल मात्र गैरसमज नको. तुरीच्या डाळीत प्रथिनं २२ टक्के आहेत, पण कर्बोदकं ५५ टक्क्यांच्या वर आहेत. वरण खावं, घट्ट खावं, पण ते कर्बोदकांच्या हिशेबातही धरावं. पिठल्याच्या बेसनाचंही तसंच.

भाज्यांत मेथी, पालक, शेपू, चाकवत, अंबाडी, दुधी, दोडका, पडवळ, वांगी, भेंडी, कोबी, फ्लॉवर यांना जवळपास मोकळीक आहे. बटाटा, रताळं, अळकुड्या, सुरण यांना नाही. जेवताना आधी कोशिंबीर, उसळ आणि भाजी, आणि पोळी किंवा भात शेवटी. तेच पदार्थ, तेवढेच, फक्त या क्रमानं खाल्ले तरी जेवणानंतर साखर कमी उसळते.

सगळं एका सोमवारी बदलू नका. पहिल्या आठवड्यात फक्त पेयं: चहातली साखर दर तीन-चार दिवसांनी अर्धा चमचा कमी, आणि सरबतं, फळांचे रस बंद. दुसऱ्या आठवड्यात नाश्ता: पोहे-उपम्याच्या जागी दोन अंडी, पनीरची भुर्जी, किंवा मुगाचं एक धिरडं आणि सोबत दही. सकाळी प्रथिनं पोटात गेली की दुपारची खा-खा खरोखरच कमी होते, या एका बदलावर माझा सगळ्यांत जास्त भर आहे. तिसऱ्या आठवड्यात रात्रीचं जेवण हलकं करा, आणि दुपारची भाकरी शेवटपर्यंत राहू द्या. एक अख्खी भाकरी आहे या आधारावर माणूस बाकीचं निभावतो.

पहिल्या आठ-दहा दिवसांत डोकं दुखणं, गळून गेल्यासारखं वाटणं, पायात गोळे येणं हे होऊ शकतं. कर्बोदकं कमी झाली की इन्शुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं जास्त मीठ आणि पाणी बाहेर टाकतात. त्यासाठी दिवसातून एक-दोनदा पेलाभर ताक, त्यात चिमूटभर मीठ आणि जिरं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर जादा मीठ डॉक्टरांना विचारूनच. बद्धकोष्ठ झाला तर पालेभाजी वाढवा, नाहीतर चमचाभर इसबगोल पेलाभर पाण्यात, आणि वर आणखी पाणी.

याच काळात वजन झपकन दीड-दोन किलो उतरतं. ते बरंचसं पाणीच असतं. यकृत आणि स्नायूंत मिळून चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठवलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी असतं. साठा आटला की पाणी जातं. लग्नाच्या पंगतीत जेवून आल्यावर दुसऱ्या दिवशी किलोभर वाढलेलं दिसतं, तेही तसंच पाणी. त्यामुळे रोज काट्यावर उभं राहू नका, आठवड्यातून एकदा सकाळी पुरे, आणि कंबरेला टेप लावा.

आता तलफ प्रत्यक्ष आली, तर काय करायचं? आधी ती भूक आहे का ते पाहा. एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर उसळ खावीशी वाटते का, हे स्वतःला विचारा. वाटत असेल तर ती भूक आहे, सरळ जेवून घ्या. जीव फक्त बिस्किटातच किंवा शेवेतच अडकला असेल, तर ती तलफ. ती चढते आणि बऱ्याचदा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळात स्वयंपाकघरातून बाहेर पडा, जिना उतरून एक फेरी मारा, ताक प्या. जेवणानंतर गोड हवंसं वाटत असेल तर बडीशेप किंवा वेलची चघळा, आणि लगेच दात घासून टाका.

रोज संध्याकाळी पाचला तलफ येत असेल तर साडेचारलाच खा: मूठभर शेंगदाणे, किंवा पनीरचे चार तुकडे, किंवा एक पेरू. शेंगदाणे वाटीत काढून डबा बंद करा. डबा मांडीवर घेऊन खाल्ले तर १०० ग्रॅम कधी संपतात कळत नाही, आणि त्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी आहेत. चहाबरोबरच बिस्किटाची आठवण येते, तर महिनाभर चहाची जागा आणि वेळ बदलून बघा. रात्री पाच तासच झोप झाली, तर दुसऱ्या दिवशी गोडाची ओढ वाढते, तेव्हा झोपेचा हिशेबही या आहारातच धरा.

शुगर-फ्री लिहिलेली बिस्किटं बऱ्याचदा मैद्याची असतात, पाकिटामागे ‘एकूण कर्बोदकं’ हा आकडा वाचा. कृत्रिम गोडीच्या पदार्थांवर विसंबू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२३ साली वजन कमी करण्याच्या संदर्भात सांगितलं. मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नाही.

उपवासाचा दिवस हा या आहारातला सर्वांत अवघड दिवस असतो. १०० ग्रॅम साबुदाण्यात ८७ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे बशीभर खिचडीत दिवसाचा निम्मा वाटा संपला. भगर आणि रताळंही त्याच वाटेचे. त्याऐवजी दाण्याची आमटी, दही-काकडी आणि दाण्याचा कूट घातलेली कोशिंबीर, तुपात परतलेलं पनीर, लाल भोपळ्याचं भरीत आणि ताक. भगर हवीच असेल तर चार चमचे, आमटी वाटीभर.

आणि सणाला पुरणपोळी खाल्ली, तर ती ताटात बसून, तूप घालून, मन लावून खावी. दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई करू नये, कारण त्या उपाशी पोटीच पुढची तलफ उठते. सकाळचा नाश्ता ठरलेला, अंड्याचा किंवा पनीरचा, तोच करावा. सुरू करण्याआधी आणि तीन महिन्यांनी उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) या तपासण्या करून घ्या. काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, या आहारात वाढतं. तसं झालं तर तूप, लोणी, साय कमी करून शेंगदाणा, तीळ, जवस आणि मासे यांच्याकडे वळा, आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा.

नमस्कार.