मनगटावरचं घड्याळ आणि 112

नमस्कार श्रोतेहो.

गणपती झाले की चाकरमानी मुलगा मुंबईला परत निघतो, आणि निघताना आईच्या मनगटावर नवं स्मार्टवॉच बांधून जातो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी वाड्यांत हल्ली हे दिसतं. "आई, कुठे पडलीस-बिडलीस तर हे बटण दाबून धर, मदत येईल," असं सांगून तो गाडीत बसतो. त्या मुलाची काळजी खरी आहे. म्हणूनच त्याने आणि त्याच्या आईने एक गोष्ट नीट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं: घड्याळाला स्वतःचा मोबाईल प्लॅन नसेल, तर त्यावरून 112 हा संकटकाळचा नंबर लागतो का?

याचं उत्तर घड्याळ कोणत्या जातीचं आहे त्यावर ठरतं. आपल्या बाजारात दोन-तीन हजारांत मिळणारी बहुतेक घड्याळं ब्लूटूथवाली. खोक्यावर 'कॉलिंग' असं ठळक छापलेलं असतं, आणि त्यावरून बोलताही येतं. पण ते बोलणं सगळं फोनमधून जातं. घड्याळात फक्त माइक आणि स्पीकर आहे, टॉवरशी बोलणारं यंत्रच त्यात नाही. ब्लूटूथचा पल्ला मोकळ्या जागेत साधारण 10 मीटर, मध्ये चिऱ्याची जाड भिंत आली की त्याहून कमी. आता आपली घरं डोळ्यांसमोर आणा. फोन माजघरात चार्जिंगला, आणि आई मागच्या आगरात, विहिरीवर नाहीतर गोठ्यात. पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवरून पाय घसरतो तो घरापासून लांबच. तिथे हे घड्याळ वेळ दाखवेल, नाडीचे ठोके मोजेल, पण 112 लावू शकणार नाही. प्लॅन घ्यायचा म्हटला तरी यात तो बसत नाही.

दुसरी जात महाग असते. तिला सेल्युलर किंवा एलटीई, म्हणजे 4जीवर चालणारी, म्हणतात. यात छोटा मोबाईलच असतो: स्वतःचा अँटेना, आणि आत बसवलेलं ई-सिम. प्लॅन घेतला की फोन घरी ठेवूनही त्यावरून बोलता येतं. प्लॅन न घेता नुसतं वापरलं तर काय, हा खरा प्रश्न इथे येतो.

तुम्ही कधीतरी फोनवर 'फक्त आपत्कालीन कॉल' अशी अक्षरं पाहिली असतील. आपल्या कंपनीची रेंज नसते, पण दुसऱ्या कुणाचा तरी टॉवर जवळ असतो, तेव्हा ती येतात. संकटाच्या कॉलसाठी मोबाईलच्या जगात वेगळी वाट ठेवलेली आहे. तो कॉल कोणत्याही कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो, आणि जिथे तशी परवानगी आहे तिथे सिम नसतानाही जातो. अमेरिकेत नियमच आहे की प्लॅन नसलेल्या फोनवरून आलेला 911 चा कॉलही कंपन्यांनी पुढे पोचवला पाहिजे. जर्मनीत उलट आहे. खोट्या कॉलचा त्रास इतका झाला की 2009 पासून तिथे चालू सिमशिवाय 112 लागत नाही. अ‍ॅपलच्या सिरीज 5 आणि त्यापुढच्या सेल्युलर घड्याळांबद्दल कंपनी म्हणते की परदेशात गेल्यावर, प्लॅन सुरू केलेला नसला तरी, स्थानिक आपत्कालीन सेवेला कॉल लागू शकतो, काही अटींसह.

म्हणजे यंत्राच्या अंगात ते आहे. तरीही एकट्या राहणाऱ्या माणसाने कोकणात यावर विसंबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक तर आपली रेंज. एअरटेलने 2020 मध्ये 3जी गुंडाळलं, जिओकडे 2जी किंवा 3जी कधी नव्हतंच. एलटीई घड्याळांत सहसा 2जी नसतं. त्यामुळे एखाद्या खोलगट वाडीत साध्या बटणाच्या फोनला 2जीची एक काडी मिळत असेल, तिथे महागडं घड्याळ कोरडं राहतं. शिवाय 4जीवर सिमशिवाय संकटाचा कॉल जायचा तर घड्याळ, टॉवर आणि कंपनीची मागची यंत्रणा, तिघांनी तो स्वीकारावा लागतो.

दुसरं, प्लॅन नसलेल्या घड्याळाला नंबर नसतो. कॉल मध्येच तुटला तर नियंत्रण कक्षातली व्यक्ती उलट फोन करणार कुठे? सड्यावरच्या रेंजमध्ये कॉल तुटणं नवं नाही. पहिल्या वाक्यात गाव, वाडी आणि जवळची खूण सांगून झाली नसेल तर गाडी कुठे पाठवायची?

आणि तिसरं कारण मला सगळ्यांत वजनदार वाटतं. प्लॅन असलेल्या घड्याळाची परीक्षा घेता येते. फोन बंद करा, आईला आगराच्या टोकाला उभं करा, तिथून तुम्हाला फोन लावायला सांगा. लागला की कळलं. बिनप्लॅनच्या घड्याळावरून मुलाला फोन लागतच नाही, आणि 112 वर नुसतं बघण्यासाठी फोन करायचा नसतो. म्हणजे ते चालतं की नाही हे कळणार ते थेट संकटाच्या घडीला. तेव्हा सेल्युलर घड्याळ घेतलंच असेल तर प्लॅनही घ्या. त्याआधी विचारा, की तुमच्या वाडीत ज्या कंपनीची रेंज येते ती घड्याळाला ई-सिम देते का. आणि ते परवडत नसेल तर साधा फोन कमरेच्या पिशवीत बाळगण्याची सवय आईला लावा. त्या सवयीला मी ब्लूटूथ घड्याळापेक्षा जास्त किंमत देईन.

नंबराबद्दलही सांगतो. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108 आपल्या तोंडी बसलेला आहे, आणि चालू सिमवरून तो जरूर लावावा. पण सिम नसलेलं यंत्र जे मोजके आकडे जगभर संकटाचे म्हणून ओळखतं, त्यांत 112 आहे, 108 नाही. रेंज डळमळीत असेल, पडद्यावर 'फक्त आपत्कालीन' दिसत असेल, तर 112 च फिरवा.

पडल्याचं आपोआप ओळखणारी घड्याळं आहेत. अ‍ॅपलच्या घड्याळात ही सोय 2018 पासून आहे: जोराचा आपटा जाणवला आणि माणूस सुमारे मिनिटभर हलला नाही तर ते स्वतः कॉल लावतं. सोय चांगलीच आहे, पण कॉल जायला वाट तीच, जवळचा फोन किंवा घड्याळाचं स्वतःचं नेटवर्क. घरच्या वायफायवरूनही काही घड्याळं कॉल करू शकतात, मात्र आपल्याकडे वारा सुटला की आधी लाईट जाते आणि लाईटबरोबर राउटर. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात टॉवरच मुके झाले होते. तशा वेळी शेजारच्या घराला हाक ऐकू जाईल अशी व्यवस्था लागते. एकट्या माणसाकडे रोज संध्याकाळी कुणीतरी डोकावावं, हे आत्ताच ठरवून ठेवा.

आता माझ्या मच्छीमार बांधवांसाठी. तारकर्लीला पोहायला गेलेला पर्यटक असो की हर्णै, मिरकरवाड्याहून निघालेला खलाशी, किनारा मागे पडला की टॉवर मागे पडतो. मग घड्याळात प्लॅन असून उपयोग नाही. बोटीवर लागतो तो ट्रान्सपॉन्डर. इस्रोने बनवलेल्या या यंत्राचं बटण दाबलं की संदेश उपग्रहामार्गे तटरक्षक दलापर्यंत जातो, बोटीच्या ठिकाणासह. नव्या पिढीच्या यंत्रात तुमचा संदेश पोचला अशी पोचही परत येते. 1 लाख बोटींवर ती बसवण्याची योजना ऑगस्ट 2024 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाली. तांडेलाने निघण्यापूर्वी ते चालू आहे का, बॅटरी भरली आहे का, हे जाळ्याइतक्याच काळजीने पाहावं. रेंजमध्ये असाल तर तटरक्षक दलाचा 1554 फोनमध्ये साठवून ठेवा.

शेवटी, ज्यांच्या हातात अशी घड्याळं आहेत त्यांच्यासाठी. झोपेत किंवा भांडी घासताना बटण दाबलं जाऊन 112 लागला, तर घाबरून फोन कापू नका. समोरच्याला सांगा, "चुकून लागला, मी ठीक आहे," आणि मग ठेवा. नाहीतर तुम्ही अडचणीत आहात असं समजून ते तुमचा शोध सुरू करू शकतात, आणि त्याच वेळी दुसरीकडे कुणाला तरी त्या गाडीची खरोखर गरज असते.

नमस्कार.